रेडिएटर अजून रिकामा आहे

गाझियाबाद, ४ ऑक्टोबर

श्रावस्ती,

हीटरचे काश्मिरी गेटच्या पार्टबाजारात साडेचार हजार सांगतात, मी चारला आणीन. कूलंट, क्लॅम्प, रबरी रिंग धरून वरचे हजार-दीड हजार. मजुरी घरची. पण तुझ्या सासऱ्यांसमोर आज अर्धा तास हसऱ्या चेहऱ्याने बसलो, त्याचा भाव अजून लावलेला नाही. खरा खर्च तो.

जय भीम. फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचतो की नाही ते कळत नाही, म्हणून कागद. कागद ब्लॉक करता येत नाही.

विश्वनाथराव स्वतः आले होते. उन्मेषची गाडी चालवत. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरचा माणूस शनिवारी सकाळी यमुना ओलांडून माझ्या वर्कशॉपमध्ये येतो आणि चहाला नको म्हणत नाही, इथेच मला खटकलं.

"राजारामजी, काय आहे ना, गाडीचा हीटर गेलाय."

"हीटर? विश्वनाथराव, अजून लोकांचे एसी चालू आहेत."

"तो नाही हो. इंजिनचा. कूलंट हीटर. वर लेहला लागतो ना."

"मग वरच का नाही बदलला?"

"उन्मेष ऑफिसच्या कामाला गाडी घेऊन खाली आला होता. स्वतः विमानाने परत गेला. म्हटलं, गाडी इथे आहेच तर..."

"तुमच्याकडची गॅरेजं संपली?"

त्यांनी रुमालाने मान पुसली. "घरचा माणूस तो घरचा माणूस. बिल्कुल."

तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली. घरचा माणूस त्यांना आज आठवला.

माझा कान तुला माहीत आहे. हिंगणघाटहून ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तेव्हा शिक्षण नव्हतं, पैसा नव्हता, कान होता. या कानावर हे वर्कशॉप उभं केलं. शेजारच्या शेडमध्ये कुणाची बेअरिंग चाललीय ते मी भिंतीच्या अलीकडे बसून सांगतो, ते लोक नंतर उघडून बघतात. माणसाचं तर त्याहून सोपं. खरं बोलणारा वाक्य पूर्ण करतो, लपवणारा मधेच गिअर बदलतो. तुझ्या सासऱ्यांनी तीनदा बदलला. अख्ख्या गाझियाबादेत माझ्यापासून काही लपवून दाखवेल असा माणूस मला अजून भेटायचाय.

निघताना म्हणाले, "एवढंच बघा, रात्री कधीही, कितीही थंडी असो, एका झटक्यात सुरू झाली पाहिजे. आणि खिंडी बंद व्हायच्या आत वर जायला हवी."

रात्री कधीही गाडी कोणाला लागते? डॉक्टरला, फौजदाराला, नाहीतर ज्याला पळून जायचंय त्याला. तू यातली कोणीच नाहीस, निदान माझ्या माहितीप्रमाणे.

आणि दुसरं. तू मेकॅनिकल इंजिनिअर. रस्त्यावरचा बर्फ उडवणाऱ्या मशीनांचं काम बघतेस. शाळेत असताना तू या वर्कशॉपमध्ये गाडीखाली शिरायचीस, आई वेणीतलं ग्रीस काढता काढता मला बोलायची. असला हीटर तुला डाव्या हाताचा खेळ. मग तू स्वतः गाडीखाली का शिरली नाहीस?

दिल्लीत मुनिरक्याला उन्मेष ज्या खोलीत राहायचा, तिथल्या घरमालकाला मी दोन प्रश्न विचारले म्हणून तू बोलणं टाकलंस. बापाने चौकशी करायची नाही तर कोणी? असो. या वेळी घरमालक मधे नाही. तुलाच विचारतोय.

पप्पा


गाझियाबाद, ८ ऑक्टोबर

श्रावस्ती,

जुना हीटर काढला.

आमच्या मिस्त्रीने समोरच्या जाळीतून लोंबणारा प्लग बघितला आणि हाताला धरून मला घेऊन आला. "साहब, ये गाड़ी डीज़ल की है कि बिजली की?" त्याला सांगितलं, बाबा, वर एवढी थंडी असते की इंजिनातलं पाणी रात्रभर कोमट ठेवावं लागतं. घरातल्या बोर्डात प्लग लावायचा आणि झोपायचं, सकाळी गाडी कुरकुर न करता उठते. तो म्हणाला, "मतलब गाड़ी को भी रज़ाई चाहिए." हुशार आहे.

खालचा रबरी होज सोडवून हीटर बाहेर ओढला तर त्याच्यावर पांढरा थर. साधा नाही, जुन्या पाण्याच्या टाकीच्या तळाला बसतो तसा. नख लावलं तर नख तुटेल. त्या थरामुळे आतली तार तापून जळाली. चांगल्या कूलंटमध्ये असं होत नाही. म्हणजे कुणीतरी कूलंटच्या जागी भलतंच पाणी घातलं. थोडंच घातलं म्हणून वाचलात, नाहीतर वर गोठून इंजिनच फाटलं असतं. कोणी घातलं? गाडी उन्मेषची. मी काही म्हणत नाही. हीटर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवून दिलाय.

आणखी काही गोष्टी दिसल्या. ड्रायव्हरच्या शेजारची सीट पार मागे सरकवलेली, पाठ टेकवलेली. तू माझ्यासारखीच बुटकी, तुला इतकी जागा कधी लागत नव्हती. शेजारी कोण बसतं?

मी हे टिपतोय तोच विश्वनाथरावांचा फोन. "राजारामजी, एक राहिलं. मागचे शॉक ॲब्सॉर्बर पण बदलून टाका. गचके बसायला नकोत."

"गाडी आठ वर्षं त्या रस्त्यांवर चालतेय. गचके आजच लागायला लागले?"

"नाही, म्हणजे... वय झालं ना."

"कोणाचं?"

"गाडीचं!" आणि घाईने ठेवून दिला. पण ठेवायच्या आधी मागून तुझ्या सासूबाईंचा आवाज आला, "सांगितलं नाहीत ना काही?" लताबाईंना वाटत असेल फोनवर मागचं ऐकू जात नाही. इतरांना जात नसेल.

म्हणजे सगळं घर यात आहे.

काल नवा हीटर बसवला. काश्मिरी गेटच्या दुकानदाराने पहिला दाखवला तो मी परत केला, प्लगची पिन हलत होती. दुसरा घेतला. क्लॅम्प मी स्वतः आवळले, मिस्त्रीला हात लावू दिला नाही. तुझं गाडीत बसणं आहे म्हणून, जावयाचं काम आहे म्हणून नव्हे.

पण कूलंट भरलेलं नाही. रेडिएटर रिकामा ठेवलाय आणि किल्ली माझ्या खिशात आहे. मला खरं कारण कळलं की भरीन. त्याच्या आधी ही गाडी दारातून बाहेर जाणार नाही, खिंडी बंद होवोत नाहीतर उघड्या राहोत.

बाकी घरी ठीक. हे लिहितोय तर आई स्वयंपाकघरात फोनवर आहे. वर्ध्याची सुखदामावशी. दोघी बहिणींचं रोज संध्याकाळी हेच. मावशीचे पाय सुजलेत म्हणे, आई सांगतेय मीठ कमी कर, पाय उशीवर ठेवून बस, एकटी जिना उतरू नकोस. वय झालं की माणसाचं बोलणं पायांपाशी येऊन थांबतं.

पप्पा


गाझियाबाद, १२ ऑक्टोबर

श्रावस्ती,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल.

मी खूप विचार केला. बोर्डावर अजून 'श्रावस्ती मोटर्स' लिहिलंय. परवाच एक गिऱ्हाईक म्हणाला, "अच्छा, आप श्रावस्ती ज़िले के हो? हम बहराइच के." मी हो म्हणालो. दरवेळी कोणाकोणाला सांगत बसू की ते माझ्या मुलीचं नाव आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही.

आता स्पष्ट लिहितो, कारण पत्राला लाज नसते.

रात्री कधीही सुरू होणारी गाडी. गचके न देणारी. सीट मागे केलेली, म्हणजे त्यात कोणी झोपू शकेल. सासरच्यांची गुपचूप बोलणी. आणि तू स्वतः गाडीला हात लावलेला नाहीस. मला यातून एकच चित्र दिसतं. तुझं तिथे बरं चाललेलं नाही. कोणीतरी आजारी आहे, नाहीतर कोणीतरी निघायच्या तयारीत आहे. तू आजारी असलीस तर मला सांगायला हवं होतं. उन्मेष आजारी असेल तर त्याच्या बापाने सांगायला हवं होतं. आणि निघायची तयारी तुझी असेल, तर बेटा, त्याला हीटर कशाला? तू फक्त विमानतळावर ये. गाडी इथेच आहे. तुझी खोली आहे, तुझ्या खोलीत मी टायर ठेवले होते ते काल उचलले. मी एक शब्द विचारणार नाही.

हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं होतं. तिसऱ्यांदा राहू दिलं.

उन्मेषबद्दल मी तेव्हाच म्हणालो होतो, मुलगा गोड बोलतो. गोड बोलणाऱ्या इंजिनाचं मला नेहमी भय वाटतं. जे इंजिन जास्त गुळगुळीत चालतं त्यात कुणीतरी जाड तेल घातलेलं असतं, विकण्यापुरतं.

तुझ्या आईला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "तुम्ही कूलंट भरा." मी म्हटलं, मुलीचा संसार मोडतोय आणि तुला कूलंटचं पडलंय? ती म्हणाली, "भरा म्हणते ना." आणि डिंक तळायला लागली. ऑक्टोबरात डिंकाचे लाडू! पंखा फुल आहे घरात. मी म्हटलं, थंडी तरी पडू दे. म्हणाली, पार्सलला वेळ लागतो. वर्ध्याला कधीपासून एवढी थंडी पडायला लागली? पण मी वाद घातला नाही. बहिणीवर माया असते.

बाहेर धुराचे दिवस सुरू झालेत. एक-दोन आठवड्यांत प्रदूषणापायी डिझेल गाड्यांवर बंदी येईल, मग गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. विश्वनाथराव रोज फोन करतात. मी रोज म्हणतो, पार्ट आलेला नाही. त्यांना खोटं पकडता येत नाही, हे एक बरं आहे.

पप्पा


गाझियाबाद, १६ ऑक्टोबर

श्रावस्ती,

आज विश्वनाथराव ऑफिस सोडून आले. मेट्रोने, मग रिक्षाने, घामाघूम. सरळ गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, जसा डॉक्टर पेशंटच्या कपाळावर ठेवतो.

"राजारामजी, पार्ट खरंच आला नाही?"

"आला. बसवला."

"मग?"

"पाणी भरलेलं नाही."

"का?"

"तुम्ही बोललात की भरतो."

ते जुन्या टायरवर बसले, इस्त्रीच्या पँटसकट. "तुम्ही गाडी दुरुस्त करता की जबानी घेता?"

मी कपाटातून वर्तमानपत्र काढलं आणि जुना हीटर त्यांच्यासमोर धरला. "आधी याचं सांगा. हा पांढरा थर बघा. तुमच्या चिरंजीवांनी गाडीला काय पाजलं?"

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता पकडला.

"त्याने नाही," ते म्हणाले. "मी."

"तुम्ही?"

"गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर दोघं गाडी घेऊन सुट्टीवर आले होते ना, तेव्हा. गाडी पुसत होतो. त्या बाटलीतलं पाणी कमी दिसलं. आमच्याकडे आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवतो आम्ही. लता त्याने फरशी पुसते, झाडांना घालते. म्हटलं, गाडीसाठी चांगलं पाणी कशाला..."

मी हसलो. खोटं कशाला सांगू, टेबल धरून हसलो. मिस्त्री धावत आला. "विश्वनाथराव, मशीन जो कचरा गाळून बाहेर फेकतं तोच तुम्ही इंजिनाला पाजलात! गाळलेलं स्वतः प्यायलात आणि चोथा गाडीला!"

ते हसले नाहीत. "तुम्ही हसा. माझी झोप उडालीय. माझ्या बादलीमुळे जानेवारीत गाडी सुरू झाली नाही तर मी कोणाला तोंड दाखवू?"

"जानेवारीत काय आहे?"

त्यांनी पँटची धूळ झटकली.

"विश्वनाथराव. जानेवारीत काय आहे?"

त्यांनी रुमाल काढला, मान पुसली, चष्मा पुसला, पुन्हा मान पुसली. मग म्हणाले, "नातवंड आहे, राजारामजी. तुमचंही."

शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता. तो बंद झाला तेव्हा मला कळलं की तो चालू होता.

पुढचं ते एका दमात बोलले. तुला डॉक्टरने गाडीखाली शिरायला, मशीनवर चढायला मनाई केलीय. तू ऑफिसात बसून काम करतेस आणि सगळ्यांवर चिडतेस. तिथलं हॉस्पिटल तुमच्या क्वार्टरपासून लांब आहे. उन्मेष सीट मागे करून, पट्टा सैल करून बघून गेला, तुला कसं बसता येईल ते. मी विचारलं, मग माझ्याकडे का आलात? तुमच्या दारातल्या गॅरेजवाल्याने बसवला असता.

"मी तेच म्हणालो होतो," ते म्हणाले. "सूनबाई म्हणाली, हीटर पप्पांच्याच हातचा पाहिजे. दुसऱ्याने बसवला तर त्या गाडीत मी रात्रीची बसणार नाही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"ते पण तीच म्हणाली." इथे त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "म्हणाली, कळलं तर पप्पा पुढच्या विमानाने येतील आणि हॉस्पिटलच्या दारात उभे राहून डॉक्टरचीच चौकशी करतील. कुठे शिकला, कोणाचा कोण, आधीची किती बाळंतपणं केली."

मी उठलो, आत गेलो आणि कूलंटचे डबे आणले. विश्वनाथरावांनी फनेल धरलं. त्यांच्या हातून थोडं सांडलं, मी काही बोललो नाही.

पप्पा


गाझियाबाद, १८ ऑक्टोबर

श्रावस्ती,

हे पत्र गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात मिळेल. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे, श्रीनगरवरून जाईल, रात्री चालवणार नाही. शॉक ॲब्सॉर्बर बदललेत. बॅटरी पण नवी टाकलीय, विश्वनाथरावांना सांगू नकोस, ते पैसे द्यायला येतील.

कूलंट डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं मिसळून भरलंय. सगळी हवा काढलीय. पातळी खाली आली तर कुठलंही पाणी आत जाता कामा नये, बादलीतलं तर नाहीच. एक डबा डिकीत ठेवलाय. लांब केबल दिलीय, जाड तारेची, ती खिडकीच्या फटीत चेपू नकोस.

प्लग लावलास की थोडा वेळ जाऊ दे, मग बॉनेटजवळ कान ने. वाकू नकोस, उन्मेषला सांग. चहाचं पातेलं उकळायच्या आधी जसं सूं करतं तसा बारीक आवाज येईल. आला तर हीटर चालू आहे. नाही आला तर मला फोन कर. आला तरी केलास तर चालेल.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे मी विश्वनाथरावांना म्हणालो. ते म्हणाले, हे तुम्ही तिला सांगा. मी तुला सांगत नाहीये. फक्त टायर उचललेत हे आधी लिहिलंच होतं. आणि त्या पत्रात उन्मेषच्या जाड तेलाचं जे लिहिलंय, ते त्याला वाचून दाखवू नकोस.

आता परवाचं. विश्वनाथराव गेले आणि मी घरी आलो. वाटेत ठरवलं होतं कसं सांगायचं. आई डायनिंग टेबलाशी लाडू वळत होती.

"भावना, ते बाजूला ठेव. बस. एक सांगायचंय."

"बसलेलीच आहे. बोला."

"श्रावस्तीला..."

"जानेवारीचा दुसरा आठवडा," ती म्हणाली. "रेडिएटर भरलात का ते आधी सांगा."

मी उभाच राहिलो. विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, पोरीने. कधी? पावसाळ्यात. मग मला का नाही?

"तिने शपथ घातली होती. पण मी काही लपूनछपून बोलत नव्हते. रोज संध्याकाळी बोलते. तुम्ही इथे, मी तिथे, मधे ओटा."

"मला वाटलं सुखदा आहे."

"मी कधी म्हटलं सुखदा आहे? तुम्ही कधी विचारलंत? सगळ्या जगाची चौकशी करता, घरातल्या बाईला एकदा विचारावं, कोणाशी बोलतेस."

डिसेंबरचं लेहचं विमानाचं तिकीट तिने काढून ठेवलंय. एकच. लाडूही त्याच पत्त्यावर जायचे होते, आता गाडीतूनच येताहेत, मागच्या सीटखाली स्टीलचा डबा बघ. आणि माझी पत्रं तू तिला फोनवर वाचून दाखवतेस हेही कळलं. गाडीला रजई हवी हे वाचताना तू इतकी हसलीस की आत बाळ हललं म्हणे. तो शब्द माझा नव्हता, मिस्त्रीचा होता. त्याला सांगितलंय. दिवसभर तो कामात चुका करत होता.

तुझ्या आईचं सगळं मी ऐकून घेतलं. तरी सवय जात नाही. आज सकाळी वर्ध्याला फोन लावून खात्री केली.

सुखदामावशीचे पाय कधीच सुजले नव्हते.

पप्पा